धागा: पोटातलं सेरोटोनिन, डोक्यातलं सेरोटोनिन आणि आपले पोहे-जलेबी

रामबाग_निवासी (धागाकर्ता)

'केळी खा, सेरोटोनिन वाढतं. सेरोटोनिन वाढलं की ताण जातो.' हा मजकूर इंदूरच्या मराठी घरांतल्या बहुतेक गटांवर येऊन गेला असेल. आता त्याला 'रक्तातलं सेरोटोनिन तपासून घ्या' अशी शेपटीही जोडलेली दिसते. इथे औषधशास्त्र, आहार आणि पॅथॉलॉजी जाणणारी मंडळी आहेत, तेव्हा एकदा नीट लिहून ठेवू. हे रसायन शरीरात कुठे बनतं? ताणाशी आणि साखर-चरबीच्या कारभाराशी त्याचा संबंध काय? आपल्या ताटामुळे, गोळीमुळे त्यात काय बदलतं? ऐकीव नको, कारणं आणि आकडे हवेत.

औषधशास्त्र_वर्ग

आधी जागा पक्की करू, गोंधळाचं मूळ तिथेच आहे. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तरात एन्टेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात, त्या ते बनवतात. उरलेल्यातलं बरंचसं रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. मेंदूच्या वाट्याला एक-दोन टक्के. मेंदूतलं सेरोटोनिन मेंदूच्या खोडातल्या रॅफे केंद्रकांत बनतं. तिथल्या पेशी फार तर काही लाख, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरलेले.

दोन्हीकडचा कच्चा माल एकच, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. त्याचं आधी ५-एचटीपी होतं आणि मग सेरोटोनिन. पहिली पायरी सगळ्यांत सावकाश चालते. ती करणारं विकर (एन्झाइम) आतड्यात टीपीएच-१ आणि मेंदूत टीपीएच-२. ही दोन वेगळी आहेत हे २००३ साली कळलं. तोपर्यंत एकच समजत होते. पहिल्या पायरीला लोह लागतं, दुसरीला ब-६ जीवनसत्त्व.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. रक्त-मेंदू अडसर त्याला आत सोडत नाही. ट्रिप्टोफॅन जातं, ५-एचटीपी जातं, सेरोटोनिन जात नाही. केळ्यात सेरोटोनिन आहे हे खरं, पण ते डोक्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कोणीही 'सेरोटोनिन वाढतं' म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठलं?

कान्हकाठ

नावाचा इतिहासही याच गोंधळाचा आहे. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरात स्नायू आकुंचित करणारा पदार्थ सापडला, त्यांनी त्याला 'एन्टेरामीन' म्हटलं. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलंडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी १९४८ साली गोठलेल्या रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ वेगळा काढला. सीरममधला, 'टोन' वाढवणारा, म्हणून सेरोटोनिन. दोन्ही एकच आहेत हे १९५२ च्या सुमारास ठरलं. बेटी ट्वारॉग आणि पेज यांना ते मेंदूत सापडलं १९५३ मध्ये. म्हणजे ओळख झाली ती आतडं आणि रक्तवाहिन्यांच्या संदर्भात. मनाशी नातं नंतर जोडलं गेलं.

रामबाग_निवासी

मग ताणाचं काय? ताणाने सेरोटोनिन 'संपतं' हे कितपत खरं?

औषधशास्त्र_वर्ग

'संपतं' हा शब्द चुकीचा. घडतं ते असं. खाल्लेल्या ट्रिप्टोफॅनचा जो भाग प्रथिनं बांधण्यात जात नाही, त्यातला सुमारे ९५ टक्के कायन्युरेनिन नावाच्या मार्गाने जातो. सेरोटोनिनकडे जातो एखाद-दोन टक्के. या मोठ्या मार्गाच्या तोंडावर दोन दरवाजे, म्हणजे दोन विकरं आहेत. यकृतातला टीडीओ, जो कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाने अधिक उघडतो. आणि आयडीओ, जो दाह असताना, विशेषतः इंटरफेरॉन-गॅमामुळे, उघडतो. सततचा ताण, जुनाट संसर्ग, पोटाभोवतीची चरबी, सगळं याच बाजूला ढकलतं. ट्रिप्टोफॅन तिकडे वळतं आणि त्यातून तयार होणाऱ्या कायन्युरेनिनपैकी काही मेंदूत शिरतं. तिथे त्यापासून क्विनोलिनिक आम्ल बनतं, ते चेतापेशींना उत्तेजित करतं आणि जास्त झालं तर घातक.

आता उलटी बाजू. तीव्र ताणाच्या क्षणी रॅफेमधल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्यांचे तंतू हायपोथॅलॅमसला पोहोचतात आणि तिथल्या ५-एचटी-२सी आणि २ए ग्राहींमधून (५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच, ग्राही म्हणजे त्याचा संदेश घेणारी पेशीवरची जागा) कॉर्टिसॉलची साखळी सुरू करायला हातभार लावतात. म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन ताणाला विरोधच करतं असं नाही, ते ताणाच्या प्रतिसादाचा भाग आहे. ग्राहींची सात कुळं आणि चौदाच्या आसपास प्रकार आहेत. एक ग्राही चिंता कमी करतो तर दुसरा वाढवतो. एसएसआरआय गोळी (नैराश्य-चिंतेवर देतात ती) सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काहींची बेचैनी वाढते ती यामुळेच. रॅफेच्या पेशींवर ५-एचटी-१ए हा ब्रेक असतो. सुरुवातीला तो दाबला जातो, पुढच्या काही आठवड्यांत सैल होतो, आणि मग परिणाम दिसू लागतो.

डॉक्टरांनी सांगितलेले ४ ते ६ आठवडे त्यासाठीच असतात. 'आठ दिवस घेतली, काही झालं नाही' म्हणून बंद केली तर फक्त त्रासाचा भाग भोगून झाला असं होतं.

ताटातलं_विज्ञान

आहाराकडे येते. ट्रिप्टोफॅनची रोजची गरज जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे प्रौढांसाठी किलोमागे ४ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम. आता आपल्याकडचं साधं ताट घ्या: दिवसभरात २०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या, ५० ग्रॅम कोरडी तूरडाळ, पाव लिटर दूध. पोळ्यांतून अंदाजे ३०० मिलिग्रॅम, डाळीतून १००, दुधातून १००-११०. गरजेच्या दुप्पट झालं, आणि यात दाणे-तीळ-पनीर काहीच धरलेलं नाही. मालव्यातल्या गहू खाणाऱ्या घरात ट्रिप्टोफॅनची तूट सहसा नसते. भरीला भर घालून मेंदूत सेरोटोनिनचा पूर येत नाही.

कारण अडसराच्या दारात रांग आहे. ट्रिप्टोफॅन ज्या वाहकावरून आत जातं, त्याच वाहकावर ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, टायरोसीन, फेनिलअॅलानीन हेही चढतात. प्रथिनयुक्त जेवणात हे सगळे ट्रिप्टोफॅनपेक्षा कितीतरी जास्त असतात. पनीर खाल्लं की ट्रिप्टोफॅन वाढतं पण रांग त्याहून लांब होते, आणि आत जाणारा वाटा उलट घटू शकतो. निव्वळ पिष्ट-साखर खाल्ली तर इन्सुलिन वाढतं, स्नायू बाकीची अमिनो आम्लं ओढून घेतात, ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून रक्तात टिकतं आणि रांगेत पुढे सरकतं. फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७१-७२ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत हे दाखवलं.

राजवाडा_चौक

ताई, मग पोहे-जलेबी खाल्ल्यावर जे बरं वाटतं ते हेच का? पिष्ट अधिक साखर!

ताटातलं_विज्ञान

नाही भाऊ, आणि कारण मजेचं आहे. हा परिणाम टिकायला जेवण जवळपास प्रथिनमुक्त लागतं. एकूण उष्मांकांत ५ टक्क्यांच्या आसपास प्रथिन आलं तरी तो पुसट होतो. पोह्यांतच ७-८ टक्के असतं. वर शेव पडली की बेसन आलं, दाणे असले तर आणखी. शिवाय इन्सुलिनचा हा खेळ व्हायला दोन-तीन तास लागतात आणि पोह्यांच्या पहिल्या घासाला येणारं समाधान लगेच येतं. ते चव, साखर, गरम वाफ, जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) यांचं आहे, सेरोटोनिनचं नाही. पोहे जरूर खा, फक्त त्यांना औषधाचं नाव देऊ नका. मधुमेह असलेल्यांनी जलेबीला 'मनासाठी' ही सबब जोडली तर नुकसान त्यांचंच.

उपवासाला साबुदाणा खिचडी खाणाऱ्यांसाठीही हेच. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, पण दाण्याचं कूट पडलं की हिशेब बदलतो. आणि बदलावाच, कारण कूट नसेल तर त्या ताटात पोषण म्हणून फार काही उरत नाही.

जिममध्ये बीसीएए पावडर घेणाऱ्यांनी मात्र वरची रांग लक्षात ठेवावी. बीसीएए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, म्हणजे ट्रिप्टोफॅनचे थेट प्रतिस्पर्धी. व्यायामाचा थकवा उशिरा यावा या कल्पनेनेच त्यांचा अभ्यास सुरू झाला, मेंदूत ट्रिप्टोफॅन कमी जावं म्हणून. नैराश्याचे उपचार चालू असतील तर ही पावडर घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा.

कान्हकाठ

भुट्ट्याच्या, म्हणजे किसलेल्या मक्याच्या कणसाच्या किसाबद्दल लिहा ना. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी असतं ना?

ताटातलं_विज्ञान

कमी असतं, बरोबर. मक्याचं मुख्य प्रथिन झेन, त्यात ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतंच. त्यातलं नायासिनही (ब-३ जीवनसत्त्व) बांधलेल्या रूपात असतं, पचनात नीट सुटत नाही. शरीर ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायासिन बनवतं. म्हणून जिथे मकाच मुख्य अन्न होता तिथे पेलाग्रा पसरला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, आणि मनाचा गोंधळ. दख्खनमध्ये ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा आढळायचा. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नाही, म्हणून डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या जादा ल्युसीनकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण एकाच धान्यावर राहू नये हे सर्वांना मान्य आहे.

आपला कीस दुधात शिजतो, आणि दुधाचं प्रथिन मक्याची उणीव भरून काढतं. कीस नुसत्या पाण्यात शिजवून दूध वाचवायची सवय असेल तर ती सोडा. अर्धा किलो किसाला पाव ते अर्धा लिटर दूध हे प्रमाण चवीलाही चांगलं.

पोटविकार_ओपीडी

आतड्यातल्या सेरोटोनिनचं मुख्य काम राहून गेलं, ते सांगतो. घास पुढे सरकला की अस्तरावर दाब येतो. एन्टेरोक्रोमाफिन पेशी सेरोटोनिन सोडतात, शेजारच्या चेतातंतूंना इशारा मिळतो, मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैल होतो. ही झाली आतड्याची लाट. काम झालं की अस्तराच्या पेशी सर्ट नावाच्या पंपाने ते परत आत ओढतात. ताणात हे जास्त सुटतं आणि हालचाल वेगाने होते. परीक्षेच्या सकाळी संडासला तीनदा जावं लागतं, ते यातलंच. आयबीएसच्या (आतड्याचा चिडखोरपणा) जुलाबप्रधान प्रकारात हा पंप कमी काम करत असल्याचे पुरावे आहेत.

कर्करोगाच्या औषधांनी, विशेषतः सिस्प्लॅटिनने, उलट्या होतात त्यातही हेच घडतं. पेशींमधून एकदम सेरोटोनिन सांडतं, ५-एचटी-३ ग्राहीमार्गे व्हेगस चेतेला धक्का बसतो. ऑन्डॅनसेट्रॉन तोच ग्राही अडवतं. म्हणूनच ते उलट्या थांबवतं आणि म्हणूनच बद्धकोष्ठही करतं. लहान मुलाला जुलाब-उलट्यांत ऑन्डॅनसेट्रॉन दिल्यावर पोट फुगलं तर दुकानातून दुसरा डोस घेऊन परस्पर पाजू नका.

एसएसआरआयने पहिले १०-१५ दिवस मळमळ आणि पातळ शौच होते तीही आतड्यातल्या सर्टवर गोळी बसल्यामुळे. जेवणानंतर घेतली, अर्ध्या मात्रेने सुरुवात केली की बहुतेकांचं निभतं. त्याला 'गोळी मानवली नाही' म्हणायची घाई नको.

राजवाडा_चौक

आणि वजन? सेरोटोनिन भूक मारतं म्हणतात.

औषधशास्त्र_वर्ग

डोक्यातलं मारतं. हायपोथॅलॅमसमध्ये ५-एचटी-२सी ग्राहीवर पडलं की पोट भरल्याची भावना येते. वजन उतरवायला यावर बेतलेली औषधं आली आणि दोन मोठी फसली. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये बाजारातून काढलं, कारण त्याचा अंश हृदयाच्या झडपांवरच्या ५-एचटी-२बी ग्राहीला चाळवत होता आणि झडपा जाड होत होत्या. लॉर्कासेरिन २०१२ मध्ये मंजूर झालं आणि कर्करोगाच्या शंकेवरून २०२० मध्ये मागे घेतलं.

रक्तातल्या, म्हणजे आतड्याच्या सेरोटोनिनचं वागणं नेमकं उलट. उपाशी असताना ते यकृताला साखर बनवायला आणि चरबीपेशींना चरबी सोडायला सांगतं. जास्तीच्या खाण्यात ते तपकिरी चरबीची जळून उष्णता देण्याची ताकद दाबतं. २०१५ मध्ये उंदरांत टीपीएच-१ बंद केल्यावर चरबीयुक्त खाण्यावरही ते जाड झाले नाहीत, तपकिरी चरबी जास्त जळू लागली. माणसात त्यावरून औषध अजून निघालेलं नाही. पण दिशा पाहा: 'सेरोटोनिन वाढवा, वजन घटवा' म्हणणाऱ्या कॅप्सूलने जर रक्तातलंच वाढवलं, तर तुम्ही चुकीच्या खोलीचा दिवा लावलात.

गरोदरपणाची गोष्ट सुंदर आहे. स्वादुपिंडाच्या बीटा पेशी त्या काळात स्वतःच सेरोटोनिन बनवू लागतात आणि त्याने त्या पेशींची संख्या वाढते, म्हणजे वाढत्या इन्सुलिनची सोय होते. २०१० मध्ये हे उंदरांत दाखवलं गेलं.

पोटविकार_ओपीडी

मधुमेहींसाठी एक जोड. मेटफॉर्मिनने जुलाब होतात त्यामागे आतड्यातलं सेरोटोनिन हे एक कारण मानलं जातं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जेवणाच्या मध्यावर, आठवड्याने वाढवत, किंवा सावकाश विरघळणारी, असं केलं की त्रास बराच घटतो. बंद करून बसू नका.

प्रयोगशाळा_टेबल

आता तपासणीचं. 'मनासाठी सेरोटोनिन टेस्ट' घेऊ नका. रक्तातलं सेरोटोनिन जवळजवळ सगळं प्लेटलेट्समध्ये असतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, ती ते बनवत नाही, आतड्याकडून येणारं सर्टने आत ओढून ठेवते. रक्त गोठलं की ते बाहेर सांडतं, म्हणून सीरममध्ये आकडा मोठा आणि प्लेटलेटरहित प्लाझ्मात नगण्य. सगळ्यांत बोलका पुरावा असा: एसएसआरआय काही आठवडे घेणाऱ्याच्या प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन ८० टक्क्यांहून अधिक घटतं, कारण गोळी त्यांचाही पंप बंद करते. रुग्ण सुधारतोय आणि रिपोर्ट 'कमी' म्हणतोय. हा रिपोर्ट पाहून कोणी गोळीची मात्रा वाढवली तर काय होईल?

तपासणीचा खरा उपयोग कार्सिनॉइड गाठीच्या, म्हणजे सेरोटोनिन सोडणाऱ्या गाठीच्या संशयात. वारंवार चेहरा लाल होऊन गरम होणं, पाण्यासारखे जुलाब, दम लागणं असं एकत्र असेल तर डॉक्टर २४ तासांच्या लघवीत ५-एचआयएए (सेरोटोनिन मोडून उरणारा पदार्थ) मोजायला सांगतात. चुका बहुतेक घरीच होतात, म्हणून नीट लिहिते. आधीचे तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगी, अक्रोड, आलूबुखारा, किवी बंद. भाजीत टोमॅटोची फोड, चटणीत टोमॅटो, सॉस, हेही त्यातच आलं. पॅरासिटामॉल आणि ग्वायफेनेसिन असलेलं खोकल्याचं औषध आकडा वाढवू शकतं, अॅस्पिरिन कमी करू शकतं. डॉक्टरांना विचारून थांबवा, स्वतः नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि ती वेळ लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिलीही डब्यात. लॅबच्या डब्यात आम्ल असतं. ते ओतून डबा धुवून आणणारे भेटतात, मग नमुना वाया. डबा थंड जागी, उजेडापासून दूर. एकदा जरी लघवी बाहेर गेली तर लपवू नका, पुन्हा करा. सामान्य आकडा साधारण २ ते ८ मिलिग्रॅम, लॅबगणिक थोडा फरक.

कार्सिनॉइडमध्ये शरीरातलं ट्रिप्टोफॅन इतकं सेरोटोनिनकडे वळतं की नायासिनची तूट होऊन पेलाग्रा दिसू शकतो. वर ताईंनी लिहिलेला तोच रोग, कारण मात्र संपूर्ण वेगळं.

रामबाग_निवासी

इथवर आलो तर औषधांची सरमिसळ सविस्तर लिहाच. घराघरांत ड्रॉवर भरलेले असतात.

औषधशास्त्र_वर्ग

हा भाग सगळ्यांनी वाचावा. एसएसआरआय म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन वगैरे. यांच्याबरोबर आपल्याकडे सहज मिसळतात त्या गोष्टी: ट्रामाडॉल, जे कंबर-गुडघेदुखीत पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, जे कोरड्या खोकल्याच्या कित्येक सिरपांत असतं. लिनेझोलिड हे प्रतिजैविक, जे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयातही देतात आणि जे स्वतः एमएओ, म्हणजे सेरोटोनिन मोडणारं विकर, अडवतं. सेंट जॉन्स वर्टच्या कॅप्सूल. ५-एचटीपीच्या कॅप्सूल. यातून सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिनचा अतिरेक, होऊ शकतो. नवं औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर, बऱ्याचदा सहा तासांत आणि बहुतेक वेळा चोवीस तासांत: थरथर, घाम, जुलाब, धडधड, बेचैनी, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि खास खूण म्हणजे पायाचा घोटा झटकन वर वाकवून धरला तर पाऊल लयीत उडत राहतं. पायात कडकपणा आणि ताप चढत असेल तर वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा, एम.वाय. (इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अत्यवस्थ विभागात न्या आणि सगळी पाकिटं बरोबर न्या. हा ताप स्नायूंच्या आवळण्याने आलेला असतो, पॅरासिटामॉलने उतरत नाही. रुग्णालयात दोषी औषध थांबवतात, अंग गार करतात, बेन्झोडायझेपीन देतात आणि गरजेप्रमाणे सायप्रोहेप्टाडीन, सुरुवातीला १२ मिलिग्रॅम.

हेच सायप्रोहेप्टाडीन आपल्याकडे 'भूक वाढवायचं सिरप' म्हणून विकलं जातं! ते सेरोटोनिनचे २ए-२सी ग्राही अडवतं, म्हणूनच भूक वाढते. नैराश्याची गोळी चालू असलेल्या बारीक मुलीला 'अंगावर मांस येऊ दे' म्हणून हे सिरप दिलं तर गोळीचा परिणाम बोथट होऊ शकतो. झोपही येते, दुचाकी चालवू नये.

कान्हकाठ

सर्पगंधाही या यादीत हवी. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये मुंबईतून रक्तदाबावरचे तिचे परिणाम मांडले आणि ती जगाला माहीत झाली. तिच्यातलं रेसर्पिन मेंदूतल्या पुटिकांमधलं (चेतापेशींच्या साठवणीच्या पिशव्या) सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालीन, डोपामिन रिकामं करतं. सेरोटोनिनचं १९५५ मध्ये कळलं. सर्पगंधा वटी 'आयुर्वेदिक आहे, चालते' म्हणून रक्तदाबाला किंवा झोपेला परस्पर घेऊ नये. आधी नैराश्य होऊन गेलं असेल तर तर नाहीच. वैद्य आणि डॉक्टर दोघांना दोन्हीकडची यादी दाखवा.

औषधशास्त्र_वर्ग

अगदी बरोबर. अजून दोन गोष्टी, घरातल्या आजी-आजोबांसाठी. प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन घटलं की रक्त गोठण्याची पकड सैल होते. एसएसआरआय आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन एकत्र चालले तर जठरातून रक्तस्राव होण्याची जोखीम बरीच वाढते. काळी डांबरासारखी शौच हे त्याचं चिन्ह. दोन्ही लागणारच असतील तर डॉक्टर जठराच्या रक्षणाची गोळी जोडतात. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला सांगायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

दुसरं, सोडियम. पासष्टीपुढे, आणि रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर अधिक, एसएसआरआय सुरू केल्यावर सोडियम उतरतं. आजोबा एकाएकी गोंधळले, चालताना तोल जातो, उलटी होते, तर 'वयामुळे' म्हणून सोडू नका. सुरू केल्यानंतर दोन आठवड्यांनी सोडियम तपासावं; १३५ खाली गेलं की डॉक्टरांना कळवा.

राजवाडा_चौक

आणि गोळी बंद करायची वेळ आली तर? एक दिवसाआड घेऊन सोडतात ना?

औषधशास्त्र_वर्ग

ही सर्रास होणारी चूक. पॅरोक्सेटीनचा अर्धायुष्यकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे २१ तास, सर्ट्रालीनचा २६, एस्सिटालोप्रामचा ३० च्या आसपास. दिवसाआड घेतलं की पातळी एक दिवस वर, एक दिवस खाली. चक्कर, डोक्यात विजेचा झटका आल्यासारखं वाटणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं, आणि घरचे म्हणतात आजार परत आला. रोज घ्यायची, मात्रा कमी करत जायची. आणि शेवटची पायरी सगळ्यांत सावकाश. कारण मात्रा आणि पंपावरचा ताबा यांचा आलेख सरळ नाही: उदाहरणार्थ एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅमवरून १० वर येताना ताबा थोडाच सुटतो, ५ वरून शून्यावर येताना एकदम सुटतो. म्हणून १०, ५, मग अडीच, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे, आणि हे सगळं लिहून देणाऱ्या डॉक्टरांबरोबर ठरवून. फ्लुओक्सेटीन मात्र शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. त्याच्यानंतर एमएओ अडवणारं औषध सुरू करायचं तर पाच आठवडे थांबावं लागतं.

रामबाग_निवासी

मग नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होतं हे पाठ्यपुस्तकी वाक्य?

औषधशास्त्र_वर्ग

तसं लिहू नका. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात कमी सेरोटोनिन हे नैराश्याचं कारण असल्याचा सुसंगत पुरावा सापडला नाही. ट्रिप्टोफॅन मुद्दाम काढून टाकलेलं पेय दिलं तर निरोगी माणसाचं मन फारसं खाली जात नाही. पण एसएसआरआयने बऱ्या झालेल्यांपैकी अनेकांची लक्षणं काही तासांत परततात. म्हणजे यंत्रणेचा संबंध आहे, 'टाकी रिकामी' हे चित्र चूक आहे. आणि आजाराचं कारण ठाऊक नसणं आणि औषध निरुपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्या आढाव्याची बातमी वाचून ज्यांनी गोळ्या एका रात्रीत सोडल्या, त्यांनी कृपया वरची मात्रा कमी करण्याची पोस्ट वाचावी आणि उद्याच डॉक्टरांना भेटावं.

ताटातलं_विज्ञान

मग घरच्या घरी, बिनगोळीचं काय उरतं? उजेड आणि चालणं, आणि दोन्हींना कारण आहे. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात मेंदूतून परतणाऱ्या रक्ताच्या नमुन्यांवरून दिसलं की त्या दिवशी ऊन जितकं लख्ख, तितकी मेंदूतली सेरोटोनिनची उलाढाल जास्त. घरात ट्यूबलाइटखाली २००-५०० लक्स. बाहेर सकाळच्या ढगाळ उजेडातही हजारोंनी. नेहरू पार्कला किंवा पिपल्यापाल्याला सूर्य वर आल्यावर अर्धा तास, गॉगल न लावता, सूर्याकडे न बघता.

चालताना चरबी जळते, रक्तात मुक्त स्निग्धाम्लं येतात, ती अल्ब्युमिनवरून ट्रिप्टोफॅनला ढकलून मोकळं करतात. स्नायू त्याच वेळी रांगेतले ल्युसीन वगैरे वापरतात. शिवाय सरावलेला स्नायू कायन्युरेनिनचं कायन्युरेनिक आम्ल करतो, आणि ते मेंदूत शिरत नाही. २०१४ मध्ये उंदरांत हे दिसलं. म्हणून आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. बसून खाल्लेल्या दहा केळ्यांनी जे होत नाही ते यातून होतं.

राजवाडा_चौक

रात्री सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणाऱ्यांसाठी काही?

ताटातलं_विज्ञान

अंधार पडला की पिनियल ग्रंथीत सेरोटोनिनपासूनच मेलॅटोनिन बनतं. ते रक्तात असताना स्वादुपिंड इन्सुलिन हात राखून सोडतं. तोच गराडू (तळलेला कंद), तीच रबडी रात्री अकराला खाल्ली तर साखर संध्याकाळी सातच्या मानाने जास्त चढते. वर झगझगीत दिव्यांनी मेलॅटोनिन उशिरा सुरू होतं, झोप पुढे जाते. सराफा महिन्यातून एखाद्या वेळी, आणि त्या दिवशी संध्याकाळचं जेवण हलकं. मधुमेह असेल तर लवकर, आठच्या सुमारास दुकानं लागता लागता जा.

प्रयोगशाळा_टेबल

क्षयाचे उपचार चालू असलेल्यांसाठी एक ओळ राहिली. आयसोनियाझिडने ब-६ घटतं, आणि सेरोटोनिनच्या दुसऱ्या पायरीला तेच लागतं. केंद्रातून मिळणारी पायरिडॉक्सिनची छोटी गोळी 'ही तर व्हिटॅमिनची' म्हणून बाजूला ठेवू नका. हातापायांना मुंग्या येण्याची वाट बघू नका.

रामबाग_निवासी

आभार सगळ्यांचे. लघवीच्या नमुन्याची कृती आणि औषधांच्या सरमिसळीची पोस्ट वेगळी काढून वर चिकटवतो. प्रयोगशाळाताई, टोमॅटो बंद असताना सराफ्यातल्या दुधाच्या शिकंजीतलं केशर-सुकामेवा चालतं का, तेही एका ओळीत सांगा, कुणीतरी विचारणारच.

प्रयोगशाळा_टेबल

केशराने काही होत नाही. अक्रोड असेल तर ते तीन दिवस शिकंजी नाही. नुसते बदाम-पिस्ते असतील तरी लॅबने दिलेली यादी एकदा पाहूनच घ्या.